दोघेही क्षमा करायला आले

समेट शनिवारी दुपारच्या चहाला ठरला होता. त्यामुळे घरच्या थोरल्या सुनेने, थोरलीने, सकाळीच बैठकीचे पडदे उतरवून खाली लाँड्रीत पाठवले, आणि जेवणाच्या आत ते धुऊन, खळ देऊन, कडक इस्त्रीत परत खिडक्यांवर चढले. घर लाँड्रीच्या वरच होतं. खालच्या बॉयलरमुळे बैठकीची फरशी बाराही महिने कोमट असायची आणि आल्यागेल्याला वाटायचं, या घरात किती ऊब आहे.

"टेबलावर कुठला कपडा घालू?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पांढरा. क्षमेला पांढराच बरा."

दादा आरशासमोर उभा राहून कॉलर बसवत होता. आयुष्यभर त्याने माणसं कॉलरवरून ओळखली होती. कॉलर आतून काळी असली की माणूस आतून कसा असेल, हे सांगायला त्याला दुसरा पुरावा लागत नसे. आरशातल्या स्वतःकडे बघत त्याने गळा साफ केला.

"बारक्या, प्रभूने जशी मला क्षमा केली, तशी मीही तुला क्षमा करतो. जोर 'मीही'वर देऊ की 'तुला'वर?"

"जोर कशाला? हळूच म्हणा की."

"हळू म्हटलं तर क्षमा केल्यासारखी वाटणार नाही," दादा म्हणाला.

या समेटाची कल्पना दादाची नव्हती. त्याला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, व्हायचं होतं. गेली कित्येक वर्षं तो देवळातले पडदे, झगे, प्रभुभोजनाच्या मेजावरचा कपडा फुकट धुऊन देत होता, आणि फुकट धुतो हे कुणाला कळू नये याची काळजी घेताना बऱ्याच जणांना सांगत होता. आता वडिलांच्या निवडीत त्याचं नाव येणार, हे नक्की मानलं जात होतं. पण नवे पाळकसाहेब तरुण होते. ते म्हणाले, "दादा, तुमचं नाव मी आनंदाने पुढे ठेवीन. पण सख्ख्या भावाशी तुमचं बोलणं नाही. आधी भावाशी समेट करा, मग मेजापाशी या. शास्त्र हेच सांगतं ना?"

"सांगतं ते ठीक आहे," दादा घरी येऊन बायकोला म्हणाला, "पण या पोराला शास्त्र फार शब्दशः घ्यायची सवय आहे."

थोडक्यात, दादाला वडील व्हायचं होतं आणि त्यासाठी आधी वडिलांच्या मरणाचा निकाल लागायला हवा होता.

पपांच्या काळात लाँड्री रविवारी कडेकोट बंद असे. मग दादाने एका मोठ्या हॉटेलचं काम आणलं. चादरी, अभ्रे, टॉवेल, रोजच्या रोज. रोज म्हणजे रविवारीसुद्धा. पहिल्या रविवारी बॉयलर पेटवायची पाळी दादाने धाकट्या भावाला दिली, कारण दादा स्वतः देवळात गायनमंडळात पहिल्या रांगेत असायचा. शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर यावरून एवढं भांडण पेटलं की ताटं तशीच राहिली. "मी प्रभूचा दिवस मोडणार नाही," बारक्या म्हणाला. "हॉटेलातले लोक काय उघड्या गादीवर झोपतील?" दादा म्हणाला. रविवारी सकाळी बारक्या कामावर गेला नाही. उपासना सुटल्यावर पपा सापडले ते बॉयलरसमोरच्या स्टुलावर, भिंतीला टेकून, गेलेले.

"तुझ्या रविवारने पपांना मारलं," बारक्या म्हणाला.

"तू आला नाहीस म्हणून त्यांना जावं लागलं," दादा म्हणाला.

त्यानंतर दोघे बोलले नाहीत. बारक्या लाँड्री सोडून गाडी शिकवायला लागला. पुढे हॉटेलने स्वतःची यंत्रं बसवली आणि दादाचं रविवारचं पाप सुंठीवाचून खोकला जावा तसं गेलं. त्याच आठवड्यात लाँड्रीच्या दारावर पाटी लागली: 'प्रभूच्या आज्ञेनुसार रविवारी बंद'. इकडे बारक्याकडे शिकायला येणाऱ्यांना सुट्टी फक्त रविवारी असायची. सुरुवातीला तो उपासनेनंतर शिकवायचा, मग उपासनेच्या आधी, आणि आता आता तर मधल्या वेळातही. "शिकवणं हे काम नाही, सेवा आहे," असं त्याने बायकोला समजावलं होतं.

*

बारक्या नाव लहानपणी पडलं होतं. आता जिना चढताना त्याचे दोन्ही खांदे भिंतींना लागत होते. पुढे आई, कठड्याला धरून, मागे तो, आणि त्याच्या मागे आईची पिशवी घेतलेली त्याची बायको. ती इस्पितळात परिचारिका होती आणि घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत.

"सांगून ठेवतो," बारक्या मागे न वळता म्हणाला, "मी त्याला क्षमा करणार आणि निघणार. त्याच्या घरचा केक खाणार नाही."

"खा," सिस्टर म्हणाली. "उपाशीपोटी क्षमा करून आलास तर घरी माझं डोकं खाशील."

आई एकेक पायरी चढत राहिली. ती एक महिना या मुलाकडे, एक महिना त्या मुलाकडे राहायची. दोघे एकमेकांच्या जिन्याला पाय लावत नसल्याने महिना संपला की एक मुलगा तिला बहिणीच्या, ताईच्या, घरी सोडायचा आणि दुसरा तिथून उचलायचा. मधला तासभर ती ताईच्या दिवाणखान्यात पिशवी मांडीवर घेऊन बसायची, पत्ता चुकलेल्या पार्सलासारखी. आज पहिल्यांदाच ती एका घरातून सरळ दुसऱ्या घरात येत होती.

वर ताई आधीच येऊन बसली होती. ताई दोघांच्या मधली. लग्न केलं नव्हतं, शाळेतून निवृत्त झाली होती आणि देवळात रविवारी मुलांना शिकवत होती. शास्त्रातलं कुठलंही वचन तिला अध्यायासकट पाठ होतं आणि ते कुणाला लागू पडतं हेही तिला लगेच कळायचं. आजवर ते तिला स्वतःला लागू पडलं नव्हतं.

पाळकसाहेब मधल्या खुर्चीत होते. त्यांनी लहानशी प्रार्थना केली. ती एवढी लहान होती की दादाला जरा कमी वाटली. मग चहा आला.

दादा उठला. जोर कुठे द्यायचा ते ऐनवेळी विसरला आणि सगळ्याच शब्दांवर देऊन म्हणाला, "पाळकसाहेब, मी मोठा. मोठ्याने मन मोठं करावं. बारक्या, झालं गेलं विसरून मी तुला क्षमा केली."

बारक्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचा, तिथे त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे. आता त्याचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबला गेला.

"थांब. तू मला क्षमा केलीस? मी आलोय ती तुला करायला."

"मी कुठे मागितली?"

"मग मी कुठे मागितली?"

"मागितली नाहीस तरी केली! हाच तर ख्रिस्ती माणसाचा मोठेपणा."

"तो मोठेपणा मी करणार होतो! गाडीतून येताना मी तुला केलीसुद्धा. सिस्टरला विचार. चौकाच्या अलीकडेच केली."

पाळकसाहेबांच्या हातात कप तसाच राहिला. क्षमा न करणाऱ्या माणसाला कसं वळवावं, हे त्यांना शिकवलं होतं. दोघेही हट्टाने क्षमा करत सुटले तर काय करावं, याबद्दल त्यांच्या गुरुजींनी चकार शब्द काढला नव्हता.

"मला वाटतं," ते जपून म्हणाले, "क्षमा घेणारंही कुणी लागतं."

"बरोबर," दोघे भाऊ म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून थांबले.

*

स्वयंपाकघरात थोरली केक कापत होती. सिस्टर बशा मांडत होती. दोन्ही घरांत एवढं वैर असूनही या दोघी दर आठवड्याला फोनवर बोलत. आईच्या गोळ्या, आईचा गुडघा, आईची झोप. नवऱ्यांना ते माहीत नव्हतं आणि माहीत करून द्यायचं काही कारणही नव्हतं.

"तुम्ही तरी त्यांना सांगा ना, वहिनी," सिस्टर हळूच म्हणाली. "भावजी एकदा 'चुकलो' म्हणाले की आमचा हा विरघळतो. बाहेरून दगड आहे फक्त."

"आणि आमचे आतून आहेत," थोरली म्हणाली. मग सुरी थांबवून, "खरं सांगू? मलाही वाटतंय वडील व्हावेत. वडिलांच्या बायकांना पुढचा बाक असतो. मागे बसून बसून माझी मान अवघडली."

सिस्टर हसली. "आमच्याकडे तर मीच एकटी बाकावर असते. रविवारी हा गाडी शिकवायला. ताईंना सांगू नका हं, नाहीतर वचन काढतील."

"छे! माझ्या तोंडून कशाला जाईल?"

बाहेरून आवाज चढल्याचं ऐकू आलं, तशा दोघी बशा घेऊन धावल्या. दादा बोटाने पायाखालची फरशी दाखवत होता.

"खाली ये आणि दारावरची पाटी वाच. रविवारी बंद! प्रभूची आज्ञा आम्ही पाळतो."

"हॉटेलने हाकलल्यावर!" बारक्या म्हणाला. "आधी चादरी गेल्या, मग आज्ञा आली!"

नवऱ्याचा असा पाणउतारा झालेला बघून थोरलीचा तोल गेला. "आणि भावजी, तुम्ही रविवारी उपासनेच्या वेळी गाडी शिकवता, ते हो काय?"

म्हटलं आणि तिने जीभ चावली. सिस्टरने हातातल्या बशा टेबलावर जरा जोरातच ठेवल्या.

"काय?" ताई ताठ झाली. "उपासनेच्या वेळी? बारक्या, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालास आणि तुझ्या डोळ्यात हे एवढं मुसळ!"

"मुसळ-कुसळ बाहेरचे लोक बोलतील, वन्सं," थोरली म्हणाली. आता तिला सिस्टरची बाजू घेणं भाग होतं. "तुम्ही दोघांच्या मधल्या. एवढ्या वर्षांत तुम्ही तरी काय केलंत? याच्याकडे बसून त्याची धुणी धुतलीत, त्याच्याकडे बसून याची. लाँड्री आमची, पण धुणं तुमच्याकडेच जास्त."

ताईने तोंड उघडलं. तिला लागू पडणारं वचन आठवलं असावं, कारण ती ते म्हणाली नाही.

पाळकसाहेब उठून उभे राहिले. "आपण सगळे मूळ मुद्द्यावर येऊ या. तुमच्या पपांचं मरण. त्याबद्दल तुमच्या मनात काय आहे, ते प्रभूपुढे कधी ठेवलंत का?"

"ठेवलं तर," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज खरा होता. "रात्र रात्र गुडघ्यांवर होतो. विचारलं, प्रभू, दोष कुणाचा? मला स्पष्ट उत्तर मिळालं."

"काय?"

"दोष माझा नाही."

बारक्या चमकला. "मलाही हेच उत्तर मिळालं."

"हेच म्हणजे," पाळकसाहेबांनी आशेने विचारलं, "दोष दादांचा नाही, असं?"

"नाही. माझा नाही, असं."

*

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिला ऐकायला कमी यायचं असं सगळे धरून चालत. ते तिच्याही सोयीचं होतं. एवढा वेळ ती खाली अंगणात वाळत टाकलेल्या कपड्यांकडे बघत होती. मुलांचं भांडण तिला नवं नव्हतं. पण मुलं देवाला साक्षीदार म्हणून ओढायला लागली, तेव्हा तिने बशी बाजूला ठेवली.

"चष्मा घरी होता," ती म्हणाली.

कुणालाच कळलं नाही. सिस्टर वाकली. "आई, चष्मा हवाय का?"

"माझा नाही गं. यांचा. त्या रविवारी यांचा चष्मा घरी होता, जेवणाच्या टेबलावर." तिने दोन्ही मुलांकडे पाहिलं. "चष्म्याशिवाय तुमच्या पपांनी बॉयलरला कधी हात लावला?"

पपांचा तो नियमच होता. वाफेचा काटा दिसत नसेल तर झडपेपासून दूर. दोघांनाही पोरवयात बॉयलरसमोर उभं करून त्यांनी हा नियम शिकवला होता. बारक्याने एकदा चष्म्याची चेष्टा केली होती, तेव्हा त्याच्या कानाखाली आवाज निघाला होता.

दादाला तो चष्मा आठवला. पपांना वर आणल्यावर, माणसं जमायच्या आत, त्याने टेबलावरची ताटं उचलली होती. तेव्हा चष्मा त्याच्याच हाताला लागला होता. त्यानेच तो डबीत घालून ठेवला होता. इतकी वर्षं त्याला चष्मा आठवत होता आणि तो काय सांगतो, ते ऐकायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे पपा बॉयलर पेटवायला गेलेच नव्हते?" बारक्याने विचारलं.

"बसायला गेले होते. मी म्हटलं, देवळात चला. म्हणाले, देवळात थोरला गाणार आणि धाकटा त्याच्याकडे डोळे वटारून बघणार. मी म्हटलं, मग घरी बसा. म्हणाले, घरी बसलो तर दुपारी दोघे पुन्हा ताटावर येणार, आणि मला एकाची बाजू घ्यावी लागणार. आज बॉयलर थंड आहे, तिथे जरा शांत असतं." ती क्षणभर थांबली. "त्यांच्या छातीत आदल्या दिवसापासूनच दुखत होतं. मला सांगितलं नाही. मलाही ते नंतर डॉक्टरांकडून कळलं, शनिवारी गुपचूप त्यांच्याकडे जाऊन आले होते."

"आई, हे तू आजवर बोलली का नाहीस?" ताईने विचारलं.

"तुम्ही सगळे देवाला विचारत होतात," आई म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

पाळकसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या छोट्या कारकिर्दीतली ती सगळ्यात चांगली सेवा होती.

दादा खाली बसला. एवढी वर्षं त्याने भावाला क्षमा करायची तयारी केली होती, आणि आता क्षमा करण्यासारखं काही त्याच्याकडे उरलं नव्हतं. हात रिकामे झाल्यासारखे वाटत होते.

"चुकलो, आई," तो म्हणाला.

"मला काय सांगतोस? मी दोन्ही घरी जेवते. ज्याच्याकडे जेवत नाहीस त्याला सांग."

दादाला त्याचं भाषण आठवेना. तो भावाकडे न बघता म्हणाला, "तुला रविवारी कामाला जुंपून मी गायला जाणार होतो. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. ते चूक होतं."

हे ऐकायला बारक्या कित्येक वर्षं थांबला होता. ऐकल्यावर कसं वाटेल, याची त्याने मनात खूप चित्रं रंगवली होती. त्यातलं एकही आलं नाही. भाऊ म्हातारा दिसत होता, एवढंच त्याला दिसलं.

"मी नाही आलो," तो सावकाश म्हणाला, "ते काही प्रभूच्या दिवसासाठी नव्हतं, दादा. तू मला विचारलं नाहीस. नुसतं सांगितलंस. त्याचा राग होता. देवाचं नाव मला नंतर सुचलं."

दादाने मान वर केली. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मीच हॉटेलसाठी देवाला बाजूला ठेवलं होतं. तुला कुठल्या तोंडाने बोलू?"

थोरलीने डोळे पुसले आणि सिस्टरच्या हाताला हात लावून पुटपुटली, "मघाचं ते, माझ्या तोंडून गेलं गं." सिस्टर म्हणाली, "बरं झालं गेलं. आता तरी तो बाकावर येईल." मग तिने बारक्यापुढे केकची बशी धरली. त्याने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, आणि तिसऱ्याच्या वेळी त्याला आपण काय ठरवून आलो होतो ते आठवलं. पण तेव्हा तोंड भरलेलं होतं.

पाळकसाहेब निघाले तेव्हा दादा त्यांना म्हणाला, "माझं नाव मागे घ्या. मी त्या योग्यतेचा नाही." ते लगेच म्हणाले, "ठीक आहे." इतक्या लगेच म्हणतील, असं दादाला वाटलं नव्हतं. निदान एकदा आग्रह करायला हरकत नव्हती, असं तो नंतर थोरलीला म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी देवळात साक्षीची, म्हणजे देवाचा आलेला अनुभव उठून सांगायची, वेळ आली. आईने आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं की ती दोघांच्या मध्ये बसेल, नाहीतर येणारच नाही. म्हणून दोघे भाऊ एकाच बाकावर होते. बारक्याने सकाळच्या शिकणाऱ्याला कळवलं होतं की आज जमणार नाही. पुढच्या रविवारचं त्याने अजून काही कळवलं नव्हतं.

"कुणाला साक्ष द्यायची आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

थोरलीने नवऱ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको. दादा उभा राहिला.

"प्रियजनहो, काल प्रभूने मला नम्र केलं." मंडळी सरसावून बसली. दादाने नम्रता म्हणजे काय ते सांगितलं. मग तिच्या पायऱ्या सांगितल्या. आपण त्यातल्या कितव्या पायरीवर आहोत, याचाही अंदाज दिला. नाव मागे घेणं सोपं नसतं, विशेषतः ते नक्की निवडून येणार असताना, हे त्याने दोनदा सांगितलं. मागच्या बाकावर एक मूल रडायला लागलं.

आईच्या पाठीमागून एक जाड हात आला आणि त्याने दादाच्या कोटाचं टोक पकडून खाली ओढलं.

"अरे, चुरगळेल कोट!" दादा दातांखालून म्हणाला.

"चुरगळू दे. लाँड्री तुझीच आहे. बस आता."

आजवर दादाला असं कुणी बसवलं नव्हतं. पपांनंतर तर नाहीच. त्याने भावाकडे रागाने पाहिलं, उरलेल्या दोन पायऱ्या गिळल्या आणि बसला. आईने पदर सारखा केला. ती समोर बघत होती, जणू तिला काही ऐकू आलंच नव्हतं.

गीत सुरू झालं. बारक्या गीतांचं पुस्तक आणायला विसरला होता. बरेच महिने त्याला ते लागलंच नव्हतं. दादाने थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग आपलं पुस्तक आईच्या मांडीवर मधोमध उघडून ठेवलं. तिघे त्याच पानावर बघून गायले. दोघा भावांचे सूर दोन होते, आणि आई तिसऱ्याच सुरात गात होती.